धोटा इलेव्हन

मैदान म्हणजे मिलमागची जागा,
बॉयलरची राख टाकून टाकून सपाट झालेली.
पडलं की गुडघ्यात काळं राहायचं.
वडिलांच्या गुडघ्यात शेवटपर्यंत होतं,
आंघोळ घालताना मी पाहिलं.

पहिला चेंडू युगोस्लाव्हियाचा.
नवे माग बसवायला आलेला इंजिनिअर,
नाव मिलोराद. आठवड्यात त्याचा मिलराव झाला.
जेवणाच्या सुट्टीत एकटाच भिंतीवर चेंडू मारायचा.
एक दिवस दस्तगीर नदाफ
भिंतीच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला.
भाषेची गरज पडली नाही.

जाताना चेंडू ठेवून गेला. म्हणाला म्हणे,
आमच्या सर्बियातल्या गावातही मिल आहे, भोंगा आहे,
आणि भोंग्यानंतर खेळणारा एक संघ.
त्या गावाचं नाव कुणाला उच्चारता आलं नाही.

आमचं नाव धोटा, कारण व्यंकट चिलवेरी म्हणाला,
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
दिवसभर आपण दुसरं काय बघतो?
जर्सी चादरीच्या सुताची, एप्रिलात अंगावर भट्टी.
गोलची जाळी तुटक्या सुताची, गाठीगाठींची,
त्यातल्या निम्म्या गाठी वडिलांच्या.
फोल्डिंग खात्यातला माणूस,
तागा घडी करावा तसा चेंडू पोटाशी घ्यायचा.

एकाहत्तर साली कोल्हापुरात जाऊन जिंकले.
ट्रकच्या हौद्यात ढाल, मंगळवेढ्यापासून हलगी.
त्या सकाळी भोंगा पाच मिनिटं जास्त वाजला.
मॅनेजर म्हणाला, बिघाड.
विड्या वळणाऱ्या बायका मांडीवरची सुपं ठेवून
दारात आल्या, तेलुगूत काहीतरी ओरडल्या.

मग मिल बंद पडली. हे एका ओळीत सांगतो,
कारण ते एका नोटिशीत झालं.

पोरक्या संघाला रेवणअण्णानं दत्तक घेतलं.
जागा रिकाम्या करून देणं हा त्याचा धंदा.
राखेवर गवत लावलं,
गोव्यातली, नायजेरियातली पोरं आणली,
जर्सी चकचकीत:
पाठीवर खेळाडूचं नाव, छातीवर त्याचं.
आणि आम्ही जिंकायला लागलो.
ओळीनं सतरा सामने.

पाहुण्या संघाच्या खोलीत सामन्याआधी
दोन माणसं शेंगा खात बसायची.
बोलायची काहीच नाहीत.
मध्यंतरापर्यंत टरफलांचा ढीग.
एका रेफ्रीनं नंतर लातूरला बदली मागितली,
पोस्टात होता बिचारा.

मी टाळ्या वाजवल्या. हेही लिहून ठेवतो.
वीस वर्षांचा होतो, जिंकणं गोड लागत होतं.
वडील दुसऱ्या हंगामात यायचे थांबले.
विचारलं, तर म्हणाले,
समोरचा गोलकीपर हात आणतो रे,
पण उशिरा.
चुकलेला हात वेगळा,
उशीर करणारा हात वेगळा.

होटगी रोडला अण्णाच्या गाडीची काच फुटली, तीन ठिकाणी.
तेराव्याच्या आत नायजेरियाचा इमॅन्युएल स्टेशनवर,
चार महिन्यांचा पगार थकलेला, बूट गळ्यात.
तिकिटाचे पैसे दस्तगीरच्या मुलानं दिले.
पुढचं काय सांगू,
कापड उसवायला विणण्याइतका वेळ लागत नाही.
शेवटच्या सामन्याला आम्ही आठच उभे राहिलो.
समोरच्या अकरा जणांना
आमच्याकडे बघवत नव्हतं.

आता तिथे सात मजले आहेत.
पार्किंगच्या फरशीखाली राख असेलच.
मिलरावच्या गावचा भोंगा वाजतो की नाही,
कुणाला विचारणार?

जाळीचा एक तुकडा मात्र घरी आहे.
आई त्यात कांदे टांगते.
गाठ ओढून बघितली मी परवा,
घट्ट आहे.
अजून एकही कांदा
खाली पडू दिलेला नाही.